अभयारण्याचे शेजारी

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी नावाचे गाव आहे. काळ्या जमिनीचा सपाट मुलूख, कापूस-ज्वारीची शेते, गावात पिंगळेश्वराचे प्राचीन देवालय आणि पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत गेलेली जुनी बारव, असे हे मराठवाड्यातील गाव. त्याच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो; ते उच्चारताच मराठी माणसाला पिंगळा आठवल्यावाचून राहत नाही. पिंगळा म्हणजे जुन्या झाडाच्या ढोलीत राहणारे लहानसे घुबड. आणि भल्या पहाटे कंदील व कुडमुडे घेऊन दारी येणारा, या पाखराची भाषा आपणास कळते असे सांगून घरादाराचे भविष्य वर्तविणारा भिक्षेकरी, तोही पिंगळाच. त्याच्या भविष्यावर कोणाचा विश्वास असो वा नसो, पहाटेच्या अंधारात उठून पाखराचे बोलणे लक्ष देऊन ऐकणारा माणूस ही कल्पना या प्रदेशास परकी नाही, एवढे खरे.

पौष-माघाच्या कडाक्याच्या थंडीत, सूर्य उगवण्यापूर्वी, पैठणच्या नाथसागराच्या काठीही अशीच काही माणसे येऊन उभी राहतात. त्यांच्या हाती कुडमुड्याऐवजी दुर्बीण असते आणि खांद्यावरील पिशवीत वही-पेन्सिल असते. ती भविष्य सांगत नाहीत; पाण्यावर उतरलेली पाखरे मोजतात. या कामाबद्दल त्यांना कोणी वेतन देत नाही. कोणी शाळामास्तर असतो, कोणी महाविद्यालयातील विद्यार्थी, कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार. आपली सुट्टी खर्च करून, आपल्या पदराने प्रवास करून ही माणसे एका अभयारण्याच्या कामास येतात. या प्रथेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि पिंगळीसारख्या दूरच्या गावाचाही त्याच्याशी संबंध पोहोचतो.

तो संबंध पाण्याचा आहे. गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. आरंभी हे धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ व्हावयाचे होते. पुढे जागा बदलून ते वरच्या अंगास पैठणला बांधले गेले, परंतु नाव मात्र जुनेच राहिले. या धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून तो पार परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. धरणाच्या भिंतीमागे जो अफाट परंतु उथळ जलाशय पसरला, त्यास संत एकनाथांच्या स्मरणार्थ नाथसागर असे नाव मिळाले. आणि १९८६ साली त्याचे सुमारे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी-अभयारण्य म्हणून जाहीर झाले. अर्थात परभणीच्या शेतात कालव्याने जे पाणी येते, ते आधी काही काळ हंस-बदकांचे आश्रयस्थान होऊन मग येते. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी काशीच्या कावडीतले पाणी घालणाऱ्या नाथांचे नाव अशा जलाशयास मिळावे, यात मोठे औचित्य आहे.

अभयारण्य या शब्दाचा थोडा विचार केला पाहिजे. नाथसागरावर अरण्य असे फारसे नाहीच. आहे ते पाणी, चिखल, गवत आणि आकाश. तेव्हा या शब्दात महत्त्व आहे ते पूर्वपदाला, अभयाला. अभय देणे हे आपल्याकडे राजाचे कर्तव्य मानले गेले आहे. उजाड झालेल्या गावी रयतेने परत येऊन वसावे म्हणून मराठी राजवटीत कौल दिला जाई. कौल म्हणजे लेखी अभय. परंतु कौलाच्या कागदाने गाव वसत नसे. कागद हाती घेऊन प्रत्यक्ष नांगर धरणारी माणसे आली, तरच गाव उभे राही. अभयारण्याचेही तसेच आहे. कायदा त्याची सीमा आखतो, परंतु त्या सीमेच्या आत-बाहेर वावरणारी माणसे त्या अभयास आपले मानतील तरच ते टिकते.

योगायोग असा की, हिंदुस्थानातील पक्ष्यांना लेखी अभय मिळाल्याचे जे एक जुने उदाहरण सांगितले जाते, तेही कौलाचेच आहे. मद्रासच्या नैर्ऋत्येस चेंगलपट्टू भागात वेदांतांगल नावाचे खेडे आहे. तेथील तळ्यातल्या झाडांवर दरवर्षी बगळे, करकोचे, पाणकावळे हजारोंनी घरटी करतात. गावकऱ्यांना या पाखरांचे महत्त्व ठाऊक होते. कारण त्यांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी सकस होई आणि त्या पाण्यावरील भातशेतीस निराळ्या खताची फारशी गरज पडत नसे. गोऱ्या शिपायांनी तेथे पक्ष्यांची शिकार केली, तेव्हा गावकऱ्यांनी कलेक्टर लायनेल प्लेस याच्याकडे गाऱ्हाणे नेले आणि पक्ष्यांना मारू नये अशा अर्थाचा कौल त्याच्याकडून मिळविला. हा काळ १७९८ च्या सुमाराचा. पुढे १८५८ साली त्या अधिकाराचे नूतनीकरण झाले, आणि १९३६ साली सरकारने त्या जागेस संरक्षित स्थान म्हणून मान्यता दिली. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी शेजारी जागे झाले, मग कागद आला, आणि कायद्याची रीतसर मान्यता तर शतकाहून अधिक काळाने आली.

अमेरिकेतील उदाहरणही याच जातीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांच्या टोप्यांना पिसे खोवण्याची टूम निघाली होती आणि त्यापायी फ्लोरिडातील पाणपक्ष्यांचा भयंकर संहार चालला होता. इंडियन नदीतील एका लहानशा बेटावर पाणकोळी पक्ष्यांची वीण होत असे. समोरच्या काठावर राहणारा पॉल क्रोगेल नावाचा एक जर्मन स्थलांतरित होडी घेऊन शिकाऱ्यांच्या आडवा जाई. त्याला तसे करण्याचा अधिकार कोणी दिला नव्हता. १४ मार्च १९०३ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते बेट पक्ष्यांसाठी राखीव केले, आणि क्रोगेल त्याचा रक्षक झाला. सरकारने त्याच्या वेतनाची तरतूद केलेली नव्हती. पक्षिमित्रांच्या संस्थांनी महिना १ डॉलर त्यास देऊ केला. त्या देशातील राष्ट्रीय वन्यजीव-आश्रयस्थानांची आजची प्रचंड व्यवस्था या एका बेटापासून आणि या एका शेजाऱ्यापासून सुरू झाली.

आता महाराष्ट्राकडे वळू. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईस आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनी निसर्गाच्या अभ्यासासाठी एक मंडळी स्थापन केली. हीच पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या नावाने जगप्रसिद्ध झाली. या आठांत दोन नावे मराठी माणसाने अभिमानाने स्मरावी अशी आहेत. एक, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि दुसरे, वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. दोघांचाही व्यवसाय वैद्यकीचा. पोटापाण्यासाठी निसर्गविद्येची त्यांना गरज नव्हती. पुढे फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातली खोली या मंडळीस वापरावयास दिली. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. त्यात आपल्या नोंदी पाठविणारे बहुतेक लोक न्यायाधीश, इंजिनियर, लष्करी अधिकारी, मळेवाले, डॉक्टर असे होते. त्यांपैकी कित्येक शिकारीही करीत, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही; परंतु विनावेतन निरीक्षणाची आणि ते कागदावर नोंदवून ठेवण्याची सवय या देशात जी रुजली, ती त्यांच्या हातून.

याच परंपरेत सलीम अली यांचा उदय झाला, आणि त्यांच्या चरित्रातील एका प्रसंगाचा मराठवाड्याशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील व्याख्यात्याची नोकरी त्यांनी काही काळ केली. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९३० साली परतले, तेव्हा ती जागाच उरली नव्हती. अशा वेळी दुसरा मनुष्य व्यापारात शिरला असता. सलीम अलींनी संस्थानिकांपुढे एक विलक्षण योजना मांडली: प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च संस्थानाने करावा, संस्थानातील सर्व पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी आपण वेतन न घेता करून देऊ. ही पाहणी प्रथम झाली ती हैदराबाद संस्थानात. १९३१-३२ साली ते संस्थानाच्या निरनिराळ्या भागांत हिंडले. पत्नी तेहमिना यांची त्यांना सोबत होती. पाहणीचा वृत्तांत पुढे सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. ज्या राज्याचे परभणी हे एक अंग होते, त्या राज्यातील पाखरांची पहिली पद्धतशीर पाहणी एका बिनपगारी स्वयंसेवकाने केली, ही गोष्ट आज कितीशा लोकांच्या स्मरणात असेल?

पुढे राज्ये बदलली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. इकडे मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला होता. विदर्भातील ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. कर्नाळ्याच्या किल्ल्याभोवतालचे रान १९६८ साली पक्ष्यांसाठी राखले गेले. १९७२ साली मध्यवर्ती वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि अभयारण्य या शब्दास देशभर एकच अर्थ प्राप्त झाला. या कायद्याने अभयारण्यात विनापरवाना शिरण्यास बंदी केली. परंतु अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन यांसाठी परवानगी देण्याची वाटही ठेवली. म्हणजे अभयारण्य हे कुलूपबंद कोठार नव्हे. ते पाहुण्यांस खुले असलेले घर आहे. आणि पाहुण्यांस खुल्या असलेल्या घरी देखभाल करणारी माणसे अधिक लागतात, हे कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको.

नाथसागराच्या बाबतीत या देखभालीचा प्रश्न प्रथमपासूनच नाजूक होता. जलाशय भरला तो माणसांची घरे-शेते बुडवून भरला. गोदेच्या काठची पिढ्यान् पिढ्यांची काळी कसदार जमीन पाण्याखाली गेली. देवळे, पार, विहिरी मागे टाकून लोकांना नव्या ठिकाणी संसार मांडावे लागले. आणि माणसे उठून गेली त्याच जागी पाखरे येऊन उतरली. हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी राजहंस, तलवार बदके, थापटे, चक्रवाक, कांड्या करकोचे, गुलाबी पंखांचे रोहित. कपाळी पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाखराला तर आपल्या लोकांनी वारकरी असेच नाव दिले आहे, आणि पैठणच्या पाण्यावर त्याची दिंडीच्या दिंडी दिसते. पाण्याचा हा देखावा पाहून पाहुण्याचे मन हरखून जाते. परंतु ज्याचे शेत त्या पाण्याखाली आहे, त्याने तो देखावा कोणत्या डोळ्यांनी पाहावा?

पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर पेरा करावयाचा, ही गाळपेर धरणाकाठच्या शेतकऱ्याची एक मोठी आशा असते. त्याच ओल्या गाळावर पाणलावे आणि तुतवार किडे वेचीत असतात; हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर हंसांची धाड पडते. मासेमारी हे काठच्या कित्येक कुटुंबांचे पोट. त्यांचे जाळे पडते ते पाणबुड्या पक्ष्यांच्याच पाण्यात, आणि कधी कधी जाळ्यात पाखरूही सापडते. येथे कोणी दुष्ट नाही आणि कोणी साधू नाही. दोन्ही बाजूंस भूक आहे. अशा जागी केवळ दंडाचे भय घालून अभय निर्माण होत नाही. वनरक्षकांची संख्या ती किती, आणि जलाशयाचा काठ तो केवढा! ज्या बाजूने रक्षक जाईल, त्याच्या विरुद्ध बाजूस काय चालले आहे, हे फक्त त्या काठावर राहणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून काठावरचा मनुष्य पाखरांचा वैरी राहतो की शेजारी होतो, यावरच अभयारण्याचे बरेवाईट अवलंबून आहे.

या दोघांना जवळ आणणाऱ्या ज्या काही गोष्टी घडल्या, त्यांत पक्षिगणनेचा क्रम वरचा लागेल. २५ डिसेंबर १९०० रोजी अमेरिकेत फ्रँक चॅपमन याने नाताळच्या दिवशी पाखरे मारण्याच्या शर्यतीऐवजी पाखरे मोजण्याची प्रथा घातली. त्या पहिल्या गणनेत अवघी २७ माणसे होती. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ साली सुरू झाली. ती दरवर्षी जानेवारीत होते आणि सर्वस्वी स्वयंसेवकांच्या बळावर चालते. जानेवारीच का, तर त्या सुमारास स्थलांतरित पाखरे आपल्या हिवाळी मुक्कामी स्थिर झालेली असतात. आज येथे मोजलेले पाखरू उद्या दुसऱ्या तळ्यावर पुन्हा मोजले जाण्याची भीती कमी असते.

मोजण्याची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. हजारोंचा थवा एकेक करून मोजता येत नाही. प्रथम दहा पाखरे मोजावयाची आणि दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरावयाचे. मग तेवढ्याच मापाने शंभर, आणि शंभराच्या मापाने सारा थवा. दोन माणसे स्वतंत्र मोजतात आणि आकडे ताडून पाहतात. जात ओळखता आली नाही, तर अंदाजाने नाव न ठोकता ‘अनोळखी बदक’ असेच लिहावयाचे. शून्य आले, तर शून्य लिहावयाचे. नवख्या माणसास हे शून्य लिहिणे फार जड जाते. एवढ्या थंडीत येऊन काहीच न दिसावे, हे त्याच्या मनाला पटत नाही. परंतु दहा वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या म्हणजे कोणते पाणी ओस पडत चालले आहे, हे जे कळते, ते या शून्यांमुळेच कळते.

रानातील प्राण्यांच्या बाबतीत अशीच प्रथा वैशाखी पौर्णिमेची. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात, उन्हाळ्याने बाकीचे पाणी आटलेले असताना, उरलेल्या पाणवठ्यांवर मचाण बांधून स्वयंसेवक व वनकर्मचारी रात्रभर बसतात आणि पाण्यावर येणारे प्राणी टिपून ठेवतात. एके काळी या टिपणांना मोठे वजन होते. पुढे, विशेषतः राजस्थानातील सारिस्का येथून वाघ नाहीसे झाल्याचे २००५ साली उघडकीस आल्यानंतर, वाघांच्या मोजणीसाठी स्वयंचलित कॅमेरे व अधिक काटेकोर पद्धती आल्या. पाणवठ्यावरची रात्र ही शास्त्रीय गणना नव्हे, असे आता वनखातेच सांगते, आणि महाराष्ट्रात त्या उपक्रमास ‘निसर्गानुभव’ असे नाव मिळाले आहे. हा बदल प्रामाणिकपणाचा आहे. मचाणावरील रात्रीने वाघांची संख्या कळत नसेल. परंतु बारा तास न बोलता, न हलता बसण्याची विद्या तेथे शिकावयास मिळते, आणि शहरातील माणसाच्या अंगी ती विद्या फारच थोडी उरली आहे.

नोंदीतील प्रामाणिकपणाचे मोल किती, हे सांगणारी एक हकीकत महाराष्ट्राच्याच भूमीवर घडली आहे, आणि ती पिंगळ्याच्याच एका भाऊबंदाची आहे. रानपिंगळा नावाचे लहान घुबड १८७२ साली प्रथम शास्त्रज्ञांच्या हाती आले. त्याचे मोजके नमुने संग्रहालयांत जमा झाले, आणि १८८४ नंतर ते पाखरू जणू नाहीसे झाले. मध्यंतरी रिचर्ड माइनर्टझहॅगन या नामांकित इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत तापीकाठी ते मिळविल्याची नोंद केली होती. त्या नोंदीवर विसंबून कित्येकांनी शोध केला. कोणासही यश आले नाही. शेवटी पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा कळून आले की ती नोंद बनावट होती. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पूर्वी खानदेशात मिळविलेला नमुना चोरून, त्यावर नवी चिठ्ठी लावून तो मिरविला गेला होता. खोटी चिठ्ठी बाजूस सारून खऱ्या नोंदींच्या मागाने शोध सुरू झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रासमुसेन व तिच्या सोबत्यांना दिवसाउजेडी रानपिंगळा बसलेला दिसला. एका खोट्या चिठ्ठीने अनेक दशके शोधणाऱ्यांची दिशाभूल केली; आणि एका नोकरदाराने फावल्या वेळात केलेल्या खऱ्या नोंदीने शंभराहून अधिक वर्षांनी वाट दाखविली. अभयारण्याच्या काठी उभा राहून वहीत आकडा लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत ध्यानी ठेवावी.

पाहुण्यांच्या व्यवस्थेतही स्वयंसेवेला असेच महत्त्वाचे स्थान आहे. नाथसागराच्या वरच्या अंगास, नाशिक जिल्ह्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर-मधमेश्वराचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि इंजिनियरच्या दृष्टीने जो दोष तोच पाखरांच्या दृष्टीने गुण ठरला. ही जागाही १९८६ साली अभयारण्य झाली, आणि पुढे रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत महाराष्ट्रातून प्रथम तिचेच नाव गेले. जानेवारी २०२० मध्ये ही वार्ता प्रसिद्ध झाली. तेथे चापडगाव, मांजरगाव या आसपासच्या खेड्यांतील तरुण पाहुण्यांना पाखरे दाखवितात. कोणते पाखरू कोणत्या झुडपाआड बसते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. नावे तेवढी ते नव्याने शिकले. त्यांना यातून चार पैसे मिळतात, म्हणून ही शुद्ध स्वयंसेवा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु वेदांतांगलच्या शेतकऱ्यालाही पाखरांपासून खत मिळतच होते. लाभ झाल्याने आपुलकी खोटी ठरत नाही. किंबहुना ज्या अभयापासून शेजाऱ्यास काहीच मिळत नाही, ते फार काळ टिकत नाही.

पाहुण्यालाही शिकावे लागते. छायाचित्राच्या हव्यासाने कोणी होडी थेट थव्यात घालतो, कोणी पाखरे उडावीत म्हणून टाळ्या पिटतो. उडालेला थवा पाहणे सुंदर दिसते खरे. पण ज्या हंसास वसंतात पुन्हा हिमालय ओलांडावयाचा आहे, त्याने हिवाळ्यात अंगी साठविलेली चरबी हेच त्याचे भाडे असते, आणि प्रत्येक विनाकारण उड्डाणात त्यातला काही भाग खर्च होतो. अशा वेळी गणवेशातील रक्षकाने दरडावण्यापेक्षा, शेजारी उभ्या असलेल्या गावच्या तरुणाने आपली दुर्बीण पुढे करून ‘दादा, तिकडे न जाता येथूनच पाहा,’ असे म्हणावे, हे अधिक गुणकारी ठरते.

तथापि, स्वयंसेवेची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्वयंसेवक हा वनरक्षकाची जागा घेऊ शकत नाही. रात्री-अपरात्री गस्त घालणे, वणवा विझविणे, शिकाऱ्यास पकडून न्यायालयात उभे करणे ही कामे पगारी, प्रशिक्षित आणि कायद्याने अधिकार दिलेल्या माणसांचीच आहेत. मानद वन्यजीव रक्षक नेमण्याची पद्धत आहे, परंतु एका माणसाने जिल्हा किती सांभाळावा! फुकट माणसे मिळतात म्हणून रक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवणे हा स्वयंसेवेचा गौरव नव्हे, तिचा गैरवापर होय. तसेच शहरातील सुस्थित मनुष्य वर्षातून एक रविवार देतो, त्याची वाहवा होते; आणि काठावरचा कोळी जाळ्यात अडकलेले पाखरू सोडविताना आपले जाळे फाडून घेतो, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. खरे पाहता दुसऱ्याचीच सेवा अधिक खर्चाची आहे.

मराठी माणसास या सेवेसाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. श्रमदान हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहे. हाती खराटा घेऊन गाव झाडणारे गाडगे महाराज याच महाराष्ट्रात होऊन गेले. परभणी जिल्ह्यातच, सेलू तालुक्यातील वालूर येथील चक्राकार बारव गाळाने व केरकचऱ्याने भरून गेली होती, ती अलीकडच्या काळात गावकऱ्यांनी उपसून पुन्हा उघडी केली. ज्यांनी पूर्वजांचे पाणी असे मोकळे केले, त्यांना पाण्यावरील पाखरांची राखण करणे अवघड नाही. अभयारण्य दूर पैठणला असले, तरी थंडीत आलेली पाखरे अभयारण्याची सरहद्द जाणत नाहीत. कालवा, पाझर तलाव, गावकुसाबाहेरचे डबके, हरभऱ्याचे रान, या साऱ्यांवर ती उतरतात. सरकारचे अभय सीमेपाशी संपते. तेथून पुढचे अभय गावानेच द्यावयाचे असते.

पिंगळीच्या एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत, पहाट होण्याच्या सुमारास, पिंगळ्याची जोडी अजूनही कलकलत असेल. कालव्याचे पाणी जेथवर येते, तेथवर एखादे तलवार बदकही हिवाळ्यात उतरत असेल. ते पाहण्यास पैठणास जाण्याची गरज नाही. गावातील एखाद्या शाळकरी मुलाने एक वही करावी; तारीख घालावी, पाखराचे नाव लिहावे, आकडा लिहावा, आणि काही दिसले नाही तर शून्य लिहावे. दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी त्याच जागी पुन्हा जावे. डेव्हिडसनने खानदेशात केले ते याहून फारसे निराळे नव्हते, आणि ते शंभर वर्षांनंतर उपयोगी पडले.